पहिली लेव्हल तोंडपाठ, शेवट कुणी पाहिलाय?

नऊ व्होल्ट

परवा रात्री भांडी विसळताना मी काहीतरी गुणगुणत होतो. बायकोने विचारलं, "हे कुठलं गाणं?" थांबलो, आठवून पाहिलं, तर ते गाणंच नव्हतं. मारिओ पाइपातून जमिनीखाली उतरला की जे वाजतं ते. १-२, म्हणजे पहिल्या जगातली दुसरी लेव्हल. तो गेम मी शेवटचा खेळलो त्याला २५ वर्षं तरी झाली असतील. बारावीचं एक सूत्र आज धड सांगता येणार नाही, पण हे टुकटुक टुकटुक जसंच्या तसं डोक्यात.

आमच्याकडे व्हिडिओ गेम आला १९९६ च्या मे महिन्यात. गाव तासगाव. चौथीच्या स्कॉलरशिपचा पेपर बरा गेला म्हणून निकालाची वाट न बघता अण्णांनी सांगलीहून आणला. त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव उतावळेपणा. (नंबर आला नाही.) खोक्यात पांढरट डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कंट्रोलर, कार्ट्रिज हे शब्द फार नंतर कळले. तेव्हा रिमोट आणि कॅसेटच. मूळ यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम, जपानात १९८३ साली आलेलं. आमचं म्हणजे त्याच्या नकलेची नक्कल. कॅसेटवर छापलेलं "९९९९ इन १". मी आणि दादाने एका दुपारी बसून मोजले, वेगळे असे अकरा निघाले. बाकी सगळे तेच, फक्त कुठे मारिओ मधूनच सुरू, कुठे काँट्रा हा गोळीबाराचा गेम मधूनच.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, १४ इंची. रोड फायटरमध्ये पेट्रोल संपत येतं, आणि एका रंगीबेरंगी गाडीला जाऊन भिडलं की पेट्रोल मिळतं. आमच्याकडे रंगच नाहीत. मग आम्ही येईल त्या गाडीला श्रद्धेने जाऊन भिडायचो. दहातल्या नऊ वेळा बाजूच्या कठड्यावर आपटून स्फोट.

तर मुद्दा असा. त्या डब्यात सेव्ह नव्हतं. आणि गावात भारनियमन होतं. कितीही पुढे गेलात, लाइट गेली की पुन्हा १-१. अण्णा बातम्यांना आले की पुन्हा १-१. आई टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून "केवढा तापलाय बघ" म्हणाली की पुन्हा १-१. त्यामुळे १-१ मी आजही डोळे मिटून खेळेन. पहिला चौकोन, मग मशरूम, मग पाइप, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे हवेत दडलेली जादा लाइफ. चौथ्या जगापुढचं मात्र जवळजवळ काहीच आठवत नाही, कारण पाहिलंच नाही. इतका जीव लावलेली गोष्ट, आणि तिचा शेवट काय झाला ते ठाऊक नाही. मला वाटतं ती डोक्यातून जात नाही ती त्यामुळेच. सुरुवात हजार वेळा, शेवट शून्य वेळा.

तुमचा असा न संपलेला गेम कोणता? आणि ४-४ चा किल्ला कुणी पार केलाय का? दोन सुट्ट्या गेल्या त्यात. चालतच राहायचं, रस्ता संपायचाच नाही.

आळशी मुंगी

अ‍ॅडॉप्टर! तुमच्या आयडीवरूनच आठवला. इस्त्रीसारखा तापायचा. आम्ही त्याला ओल्या फडक्यात गुंडाळायचो. जिवंत आहोत हेच नवल.

तिखटमीठ

आमच्या घरी मुलगी म्हणून माझा नंबर कायम शेवटचा. बदकं मारायचा गेम लागला की बंदूक भावाकडे, मी नुसती बघ्या. एके दिवशी चाळा म्हणून रिमोट हातात घेऊन बटणं दाबत बसले आणि लक्षात आलं, बदक माझं ऐकतंय! डावं दाबलं की डावीकडे, वर दाबलं की वर. डक हंटमध्ये ही सोय खरंच आहे, एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने बदक उडवायचं. मी कुणाला सांगितलं नाही. जवळजवळ पूर्ण सुट्टीभर भावाचा नेम लागला नाही आणि दर वेळी ते कुत्रं गवतातून वर येऊन फिदीफिदी हसायचं. भावाने बंदूक उघडून साफ केली, टीव्हीच्या अगदी नाकाशी जाऊन बसला, शेवटी देवाला नारळ बोलला.

खरं काय ते त्याच्या लग्नात सांगितलं. अजून धरून आहे.

ती बंदूक चालायची कशी ते नंतर वाचलं. गोळी बंदुकीतून निघतच नाही. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा असतो, त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. म्हणजे टीव्हीच बंदुकीवर नेम धरायचा! जुन्या पिक्चर ट्यूबवर हे जमायचं, आताच्या सपाट टीव्हीवर जमत नाही. भाऊ मध्यंतरी जुना सेट मिळवून खेळायला बसला होता. नेम लागला नाही. या वेळी मी काहीही केलेलं नव्हतं.

गच्चीवरचा

@तिखटमीठ, हसून हसून पुरेवाट!

आमचा काँट्रा. वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए. आईचा मोबाइल नंबर पाठ नाही, हे पाठ आहे. ही बटणं ओळीने दाबली की तीसच्या तीस लाइफ. हे ज्याने घातलं ते काझुहिसा हाशिमोतो, कोनामी या गेम कंपनीतले. १९८६ मध्ये ग्रॅडियस या गेमची फॅमिकॉमवरची आवृत्ती करताना गेम तपासायला बसले तर तो त्यांनाच झेपेना, म्हणून स्वतःपुरती ही चोरवाट केली आणि मग ती तशीच राहून गेली. २०२० साली ते वारले तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणी श्रद्धांजली लिहिली नाही, नुसते बाण टाकले. वर वर खाली खाली. ४० जणांनी.

पण काँट्राने घराघरांत भांडणं लावली ती दोन ठिकाणी. एक धबधबा, तिसरी लेव्हल. वर चढायचं असतं आणि पडदा पुढच्या माणसाबरोबर वर सरकतो. मागचा खाली राहिला की मेला. माझा भाऊ सुसाट चढायचा, मी दर वेळी तळाशी गडप. दुसरं म्हणजे उसनवारी. आपल्या लाइफ संपल्या की ए दाबायचं, जोडीदाराची एक लाइफ आपल्याला. विचारायचीसुद्धा गरज नाही. तो मला धबधब्यावर मारायचा, मी त्याच्या लाइफ चोरायचो. हिशोब अजून मिटलेला नाही. परवा गावच्या घराच्या वाटणीवरून बोलणं चाललेलं, तेव्हा त्याने "तू काँट्रात माझ्या लाइफ घ्यायचास" हे काढलं. गंमत म्हणून काढलं, पण काढलं.

खवट बदाम

धागा गोड आहे, पण सगळं खरं नाही.

१. "सेव्ह नव्हतं" हे तुमच्या पिवळ्या कॅसेटपुरतं. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या झेल्डा या गेमच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती आणि खेळ जिथे सोडाल तिथे राहायचा. ते आपल्याकडच्या ९९९९ मध्ये नव्हतं, इतकंच.

२. तुम्हीच लिहिलंय की मेनूत मधल्या लेव्हलपासून सुरू होणारे मारिओ होते. मग तिथून का नाही खेळलात?

३. ते गेम इतके अवघड का होते? कारण त्यांचे बापजादे पार्लरमधल्या मशीनवर वाढलेले. मशीनला पोराने लवकर मरून दुसरं नाणं टाकायला हवं असतं. घरात नाणं नाही, पण मरण्याची रीत तीच राहिली. त्यात गूढ वगैरे काही नाही. आता वय झालं म्हणून गोड वाटतंय.

अवांतर: मारिओचा वेळ ४०० पासून सुरू होतो ते सेकंद नव्हेत. एकेक आकडा ०.४ सेकंदाचा आहे. म्हणजे एकूण १६० सेकंद, तीन मिनिटंही नाहीत. आणि त्यातले ढग व झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता.

नऊ व्होल्ट

@खवट बदाम, ढग आणि झुडूप एकच?! ब्लॅक अँड व्हाइटवर खेळून मला हे कळायला हवं होतं राव.

दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर: मेनूत एका पानावर मोजकीच नावं. चारशे-पाचशे पानं उलटत गेलं की कुठेतरी पाचव्या जगातला मारिओ सापडायचा, पण पुन्हा सापडायचा नाही. मग दादाने तो आकडा टीव्हीमागच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला. दिवाळीत भिंतीला चुना दिला. झालं. दसऱ्याला आम्ही पाचव्या जगात होतो, पाडव्याला परत १-१.

तिसरा मुद्दा मान्य. वय झालंय.

मांडवीकाठ

गोंयचो हांव, मराठी शाळेत शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे घरात कुठला व्हिडिओ गेम. म्हापशाच्या बाजाराकडे एक पार्लर होतं, पडदा लावलेलं, आत कायम काळोख आणि घामाचा वास. तिथे मुस्तफा. खरं नाव काहीतरी कॅडिलॅक आणि डायनासोरांचं, कॅपकॉमचं, १९९३ चं. पडद्यावर ते एवढं मोठं यायचं, पण तो गेम मुस्तफाच. चौघांतून गडी निवडायचा: जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. तिघं एकदम खेळू शकायचे आणि तिघांनाही मुस्तफाच हवा. टोपीवाला, पळायला सगळ्यांत जलद, आणि पळता पळता उडी मारून जी लाथ घालायचा! अमेरिकन कॉमिकवरून केलेला जपानी गेम, आणि हिरो झाला तो त्यातला मुस्तफा. जॅक हा मुख्य नायक आहे हे मला ३० व्या वर्षी समजलं. तोवर जॅक म्हणजे ज्याला उशीर झाला त्याच्या वाट्याला येणारा इसम.

नऊ व्होल्ट म्हणतो तसंच. सेव्ह नाही, आणि लाइफ संपली की रुपया. गाडीतून जायची तिसरी लेव्हल मी फार तर चारदा पाहिली असेल. शनिवारचे दोन रुपये, त्यातला एक पहिल्या पाच मिनिटांत खलास. मग उरलेल्या रुपयावर हात ठेवून दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहायचं. बघण्यातच जास्त दिवस गेले.

एकदा मावसभाऊ सुट्टीवर आला. तारवटी. बोटीवरून आलेला माणूस, खिसा गरम. पार्लरवाल्याला म्हणाला, "पात्रांव, पन्नासाचें सुट्टें दी." रुपयांची चळत मशीनच्या काचेवर ठेवली आणि आम्ही तिघं खेळायला लागलो. मरायचं, नाणं टाकायचं. मरायचं, नाणं टाकायचं. मागे पोरांची ही गर्दी. आठच्या आठ लेव्हली. शेवट पाहिला. पण आता विचारशील काय होतं शेवटाला, तर सांगता येत नाही. डोळ्यांपुढे येते ती काचेवर कमी कमी होत जाणारी चळत. सात उरली, सहा उरली.

गच्चीवरचा

सात उरली, सहा उरली. _/\_

दुपारची झोप

माझा न संपलेला गेम प्रिन्स ऑफ पर्शिया, आणि कारण सरळ गणिताचं. गेम ६० मिनिटांचा. तेवढ्या वेळात राजकन्येला सोडवलं नाही तर संपलं. शाळेचा कॉम्प्युटरचा तास ३५ मिनिटांचा, त्यात चपला बाहेर काढून रांगेत ठेवण्यात पाच जायची. एका मशीनवर तिघं. म्हणजे राजकन्या आमच्या वेळापत्रकात कधी वाचणारच नव्हती.

गेम यायचा फ्लॉपीवरून, कुणाच्या तरी काकाच्या ऑफिसातून. चोरीची प्रत, त्यामुळे पुस्तिका नाही. पहिली लेव्हल संपली की एका खोलीत ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि ती बाटली प्या. आमच्याकडे पानच नाही! मग देवाचं नाव घेऊन कुठलीही प्यायची. चुकत गेलं की मेला. पुढे कुणीतरी ती खोलीच काढून टाकलेली प्रत आणली, तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटायचे बाकी होते.

त्या माणसाचं धावणं आठवतंय ना? घसरत थांबायचा, कडेला लटकायचा, खिळ्यांवर पडला की आपल्याच पोटात गोळा. हा गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल काढली. १९८९ चा गेम. आजही ते चित्र माणसासारखं वजनदार वाटतं.

आणि ती सावली! चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारावी लागते आणि तुमचंच प्रतिबिंब बाहेर पळून जातं. पार शेवटी ते तलवार घेऊन समोर उभं राहतं. वार केलात तर तुमचंच रक्त कमी. उपाय काय, तर तलवार म्यान करायची आणि सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं. हे मला नोकरीला लागल्यावर इंटरनेटवर वाचून कळलं. दहा-बारा वर्षं मी स्वतःलाच भोसकत होतो असं म्हणायला हरकत नाही. (हलकंच घ्या.)

वर आणखी कळलं ते असं की त्यात तिसऱ्या लेव्हलपासून सेव्ह होतं. कंट्रोल आणि जी. सरांनाही माहीत नसणार. नाहीतर...

तिखटमीठ

आठव्या लेव्हलचा उंदीर कुणाला आठवतो का? दार बंद होतं आणि राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळ दाबून जातो. त्या अख्ख्या गेममध्ये तुमची मदत करणारा तेवढा एकच जीव.

आळशी मुंगी

गंमत सोडून जरा गंभीर. खवट बदाम म्हणतात "वय झालं म्हणून गोड वाटतंय." मी आठवणींच्या विकारांच्या आसपासचं काम करते, म्हणून एक सांगते.

आम्ही त्या हातातल्या ब्रिक गेमवर वाढलो, म्हणजे टेट्रिस. अलेक्सी पाजित्नोव यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये केला तो. रात्री डोळे मिटले की विटा पडताना दिसायच्या, आठवतंय? हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच तपासलं. २७ जणांना तीन दिवस टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. त्यातले पाच जण स्मृतिलोपाचे (अ‍ॅम्नेशियाचे) रुग्ण होते. त्यांना खेळ दर वेळी नव्याने शिकवावा लागे, शिकवणाऱ्या माणसाची ओळखही राहत नसे. तरी त्या पाचांपैकी तिघांनी सांगितलं, डोळ्यांपुढे काहीतरी पडतंय, फिरतंय, आपण ते बसवतोय. कशाचं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

म्हणजे "मी हे खेळलो" ही आठवण एका जागी, आणि खेळ दुसऱ्या जागी. भांडी घासताना नऊ व्होल्टांच्या तोंडात आलं ते या दुसऱ्या जागेतलं असावं. घोकंपट्टीने जे आत जातं ते. त्यात गोडवा असतोच असं नाही. माझ्या वडिलांना आता माझं नाव कधी कधी सापडत नाही, पण ब्रिक गेम हातात दिला की उभी वीट बरोबर कोपऱ्यातल्या फटीत सोडतात. आजही. मी शेजारी बसते, ते ओळ पुरी करतात, आणि पूर्वीसारखंच म्हणतात, "गेली."

खवट बदाम

@आळशी मुंगी, माझा "वय झालं" हा शेरा मागे.

कर्वे रोड ते कॉर्क

उशिरा आलो. इकडे आयर्लंडमध्ये २०१६ च्या शेवटाला निन्टेन्डोचा तो छोटा डबा विकत घेतला, ३० गेम आत भरलेला. घाईघाईने काँट्रा शोधला. नाही! आहे तो सुपर सी, पुढचा भाग. तरी हातांनी आपणहून वर वर खाली खाली केलं. काही झालं नाही. त्याचा कोड वेगळा आहे, आणि लाइफ मिळतात फक्त १०. एवढा विश्वासघात मला इमिग्रेशनच्या रांगेतही वाटला नव्हता.

त्या डब्यात कुठेही थांबून सेव्ह करता येतं. एका शनिवारी, चहाचे तीन कप, आणि मारिओ पूर्ण केला. मुलगा शेजारी, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचा पहिला प्रश्न: "बाबा, मेल्यावर परत पहिल्यापासून? का?" काय सांगणार.

तर शेवट काय आहे ते सांगतो. ज्यांना नको त्यांनी पुढचं वाचू नका. ८-४ ला राजकन्या भेटते, आभार मानते, तुमची मोहीम फत्ते झाली म्हणते, आणि लगेच पुढच्या ओळीत: घ्या, आता नवी मोहीम. बटण दाबा. दाबलं की परत १-१. फक्त आता साध्या शत्रूंच्या जागी ती टणक पाठीची कासवं.

नऊ व्होल्ट

म्हणजे शेवट असा नाहीच? १-१?

कर्वे रोड ते कॉर्क

१-१.

नऊ व्होल्ट

पाच मिनिटं नुसता बसलो हे वाचून. दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग आपण काय वेगळं करत होतो?"

तासगावला माळ्यावर खोकं आहे अजून. गणपतीत जाणार आहे तेव्हा काढतो. जुना टीव्ही आत्याकडे आहे, सुरू आहे म्हणते. तोवर कुणीतरी ते ४-४ चं सांगा. वाट चुकली की तोच तुकडा परत येतो हे आता कळलं, पण फाटा आला की वरून जायचं की खालून?

तिखटमीठ

मला माहीत आहे. सांगणार नाही.

गच्चीवरचा

सांगू नकाच. बसू दे त्याला. लाइट गेली तर कळव रे.